अप्पांचा सोफा वर नेताना

सोफा ही वस्तू आडवी असते, एवढंच मला इतकी वर्षं ठाऊक होतं. ती उभी होऊ शकते, तिरपी होऊ शकते, पालथी पडू शकते आणि मनात आणलं तर एखाद्या जिन्यात कायमची राहायलाही येऊ शकते, हे ज्ञान मला अप्पांच्या वाढदिवसाला झालं. वाढदिवस अप्पांचा, पण अप्पा नव्हते. ते गेल्या वर्षी गेले. त्यामुळे सगळा घोळ मला एकट्याला घालावा लागला. ते असते तर निम्मा त्यांनी घातला असता आणि उरलेल्या निम्म्यावर एक भाग लिहून मोकळे झाले असते.

भाग म्हणजे टीव्हीवरच्या मालिकेचा. विनोदी मालिका लिहिणं हा अप्पांचा धंदा. 'जरा सरका' ही त्यांचीच. एक घर, घरात सात माणसं आणि बसायला एकच सोफा. बस, एवढ्या भांडवलावर अप्पांनी तमाम लोकांना वर्षानुवर्षं हसवलं. उजव्या कोपऱ्यात बसलेले सासरे काही केल्या उठायचे नाहीत आणि उरलेल्या जागेत सहा जणांचा संसार चालायचा. मालिका लागली की आमच्या रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसायचं नाही. तीही बहुधा कुणाच्या तरी खिडकीखाली बसून ऐकत असावीत.

अप्पांचं घर तिसऱ्या मजल्यावर, आमचं बरोबर त्याच्या खाली. "तुम्ही जन्मभर माझ्या डोक्यावर बसलात," असं मी त्यांना म्हणायचो. "त्याशिवाय तुमच्या डोक्यात काही शिरणार कसं?" असं ते म्हणायचे. अशी आमची मैत्री.

तर त्यांच्या वाढदिवसाला काहीतरी करायचं म्हणून इमारतीची सभा भरली. सेक्रेटरी म्हणाले, फाटकाशी एक बाक बसवू. पहिल्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर म्हणाले, मोफत दंततपासणी ठेवू. हसायचं तर दात हवेत. पदार्थविज्ञान शिकवून निवृत्त झालेले मास्तर म्हणाले, निबंधस्पर्धा. मी गप्प होतो. मी गप्प असलो की आमची ही अस्वस्थ होते, कारण त्यानंतर मी बोलतो.

"मंडळी," मी उभा राहिलो, "अप्पांचं दिवाणखान्यातलं घर... म्हणजे घरातला दिवाणखाना. त्यात 'जरा सरका'चा खराखुरा सोफा. त्यावर मालिकेतली खरीखुरी माणसं. आणि अप्पांचा एक भाग, मोठ्यानं वाचलेला!"

सभा थरारली. म्हणजे मी थरारलो आणि सभेनं चहा मागवला. पण विरोध कुणी केला नाही, आणि आमच्या इमारतीत ह्यालाच उत्स्फूर्त पाठिंबा म्हणतात.

"पण सोफा वर कशाला?" सेक्रेटरींनी विचारलं. "खाली अंगणात करू की."

ह्याचं उत्तर सगळ्यांना माहीत होतं. अप्पा गेल्यापासून त्यांच्या पत्नी, म्हणजे आमच्या वहिनी, जिना उतरल्या नव्हत्या. गुडघे, असं त्या सांगायच्या. पण त्याच गुडघ्यांनी त्या रोज गच्चीवर कपडे वाळत घालायला चढायच्या. एकदा मीच विचारलं होतं, तर म्हणाल्या, "खाली येऊन करू काय, भावोजी? दोघांनी जायची सवय आहे." वहिनी खाली येणार नव्हत्या, म्हणून मालिकाच वर न्यायची, असा माझा साधा सरळ बेत होता.

साधा सरळ. हे दोन शब्द मी आता बोलण्यात वापरत नाही.

सोफा टीव्हीच्या वाहिनीच्या मालकीचा. मी फोन केला. पलीकडचे अधिकारी म्हणाले, "मिळेल. वाहिनीचं पत्र आणा." एवढंच ना? मी वर गेलो. वहिनींनी चष्मा लावून सुरेख अक्षरात लिहून दिलं, 'सोफा देण्यास माझी काही हरकत नाही.' ते घेऊन मी ऐटीत वाहिनीच्या कचेरीत गेलो.

अधिकाऱ्यांनी पत्र वाचलं. "छान. पण ह्या कोण?"

"वहिनी."

"वाहिनी म्हणजे आम्ही."

"नाही हो, वहिनी म्हणजे अप्पांच्या पत्नी."

"मग त्यांची हरकत नसणारच. आमची आहे का, ते विचारा ना."

"तुमची आहे का?"

"असं तोंडी काय विचारता? लेखी विचारा."

मी लेखी विचारलं. मुद्दाम टाइप करून घेतलं. दोन दिवसांनी मला पुन्हा बोलावणं आलं. ह्या खेपेला टेबलापलीकडे तीन अधिकारी होते आणि तिघंही गंभीर. मधल्यानं माझा अर्ज वाचून दाखवला, "'वाहिनी दिवसेंदिवस खचत चालली असून तिला आता खाली उतरवणेही कठीण झाले आहे.' ह्याचा अर्थ काय घ्यायचा आम्ही?"

टाइप करणाऱ्यानं 'वहिनी'ला काना दिला होता. एका कान्यानं माणसाची काय दैना होते पाहा! मी घाम पुसत खुलासा केला. त्यावर डावीकडचे अधिकारी हळूच म्हणाले, "तसं चुकीचं नाहीये, सर." मधल्यांनी त्यांच्याकडे पाहिलं आणि, बहुधा हा विषय तिथेच संपावा म्हणून, माझ्या अर्जावर सही ठोकली. अट एकच, सोफ्याला ओरखडासुद्धा येता कामा नये. तसं मी लिहून दिलं. मी त्या दिवशी इतका खुशीत होतो की त्यांनी सांगितलं असतं तर सोफ्याला सर्दीही होऊ देणार नाही, असं लिहून दिलं असतं.

वाहिनीचं गोदाम ही एक जागा आहे! सिंहासनं एकावर एक रचलेली. कुठेही न उघडणारे दरवाजे. एका कोपऱ्यात तुरुंग, त्याला टेकून इस्पितळ. भांडारपाल स्टुलावर डुलक्या काढत होते. मी भारावून म्हणालो, "'जरा सरका'चा सोफा." त्यांनी डोळे न उघडता हनुवटीनं दाखवला. "तो. लाल. न्या."

लाल! बरोबर. आमच्या टीव्हीवर तो लालच दिसायचा. आता आमच्या त्या जुन्या टीव्हीवर बातम्या देणाऱ्या बाईही लाल दिसायच्या आणि समुद्रही, हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं नाही. मी सोफ्याच्या उजव्या कोपऱ्यावरून हात फिरवला आणि गहिवरलो.

आता मापाचं. मी वजनमापे खात्यातला निवृत्त निरीक्षक, म्हणून अप्पांपासून सगळे मला 'इन्स्पेक्टर'च म्हणतात. आयुष्यभर लोकांची मापं काढायचा पगार घेतलेला माणूस. फितीशिवाय मी घराबाहेर पडत नाही. मी सोफा मोजला, घरी येऊन जिना मोजला आणि निकाल जिन्यातच जाहीर केला, सोफा जातो!

"वळणाचं माप घेतलंत का?" आमच्या हिनं विचारलं.

"वळणाला माप नसतं. कोन असतो," मी म्हणालो.

"मग कोन घेतलात का?"

बायकांना शास्त्रीय चर्चेत कुठे थांबावं कळत नाही.

वाढदिवसाच्या दुपारी टेम्पो फाटकातून आत आला आणि सगळी इमारत खाली धावली. काय उत्साह म्हणून सांगू! मास्तरांनी सोफ्याच्या हातावर डोकं टेकलं. "इथेच... इथेच सासरे रुसून बसायचे!" डॉक्टरांच्या बायकोनं एक खळगा शोधून काढला आणि तो थोरल्या सुनेचाच आहे असं ठामपणे सांगितलं. प्रत्येकानं बसून फोटो काढले. सेक्रेटरींनी तर दोनदा काढले, एकदा स्वतः आणि एकदा पदसिद्ध.

मग तो उचलला. खालच्या बाजूला दोन हमाल, बाजूला डॉक्टर, मागे मास्तर, आणि सर्वांत पुढे, पाठमोरा जिना चढत, हातवारे करत मी. पहिला मजला वाऱ्यासारखा गेला. दुसराही गेला. "डावीकडे!" मी ओरडत होतो. "माझ्या डावीकडे! म्हणजे तुमच्या उजवीकडे!" मास्तर खालून "गुरुत्वमध्य! गुरुत्वमध्य सांभाळा!" असं ओरडत होते आणि हमालांना वाटत होतं की त्यांच्यातल्याच कुणाला तरी हाका मारताहेत. दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मध्ये वळण आलं. सोफ्यानं त्यात डोकं घातलं, एक खांदा टाकला, 'कर्र' असा एक समाधानाचा आवाज केला आणि थांबला.

थांबला तो थांबलाच.

पुढे ढकलला, नाही. मागे ओढला, नाही. उभा करायला गेलो तर छताला टेकला, आडवा करायला गेलो तर कठड्यात घुसला. शेवटी तो अशा काही अवस्थेत गेला की त्याचं पुढे कुठलं आणि मागे कुठलं, हे त्यालाही सांगता आलं नसतं. हमालांनी हात झटकले, "साहेब, आमचं काम उचलायचं. हा आता उचललेलाच आहे," असं म्हणून ते खाली जाऊन बसले.

खालच्या बाजूला सगळी इमारत. वरच्या बाजूला मी. मध्ये सोफा.

अशा वेळी माणसाला धीर हवा असतो. मिळतो सल्ला. मास्तर म्हणाले, "साबण लावा. घर्षण कमी होईल." कुणी म्हणालं, जिना थोडा तासा. डॉक्टरांनी चष्मा कपाळावर चढवून फटीतून आत पाहिलं आणि म्हणाले, "ही अक्कलदाढेची केस आहे. जागा नाही आणि आडवी आली आहे. तुकडे करूनच काढावी लागेल."

"ओरखडासुद्धा यायचा नाहीये हो!" मी वरून कळवळलो.

"दाढ असती तर मी भूल दिली असती," डॉक्टर म्हणाले, आणि त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं त्यावरून कुणाला दिली असती हे कळलं.

सेक्रेटरी मात्र कामाला लागले. घरी गेले, कागद घेऊन आले आणि सोफ्याच्या पोटाला खालच्या बाजूनं एक नोटीस चिकटवली. 'जिन्यात सामान ठेवण्यास सक्त मनाई आहे.' ती कुणाला उद्देशून आहे म्हणून मी विचारलं, तर म्हणाले, "तुम्हालाच. पण तुम्हाला तिकडून दिसणार नाही, म्हणून वाचून दाखवतो." आणि वाचून दाखवली. सहीसकट.

मी खिशातून फोन काढून अग्निशमन दलाला लावला.

"आग आहे का?" पलीकडून विचारलं.

"नाही."

"पाणी शिरलंय?"

"नाही."

"माणूस अडकलाय?"

"सोफा अडकलाय."

"सोफ्यावर माणूस आहे?"

"नाही हो."

"मग तो सोफ्याचा खाजगी प्रश्न आहे," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

एवढ्यात फाटकाशी गलका झाला. कलाकार आले! तिसऱ्या मजल्यावर दार उघडल्याचा आवाज आला, आणि जिन्याच्या वरच्या टोकाला वहिनी येऊन उभ्या राहिल्या. ठेवणीतले कपडे, नीट विंचरलेले केस. वर्षभरात मी त्यांना असं तयार झालेलं पाहिलं नव्हतं. दिवाणखान्यातल्या खुर्च्या त्यांनी भिंतीला लावून सोफ्यापुरती जागा मोकळी केली होती, तीही उघड्या दारातून दिसत होती. मला वाटलं, ह्या सोफ्यानं मला गिळून टाकलं तर बरं.

"आला का?" त्यांनी विचारलं.

"आलाय," मी म्हणालो. "म्हणजे... बराचसा आलाय."

खालून जड पावलं वाजली. मालिकेतले सासरे स्वतः चढत आले होते. आता खरंच म्हातारे, पण आवाज तोच, भिंती हलवणारा. त्यांनी सोफ्यावर हात ठेवला. त्यांनी हात थोडा सरकवला, कापड चिमटीत धरलं आणि डोळे मिटले.

"इन्स्पेक्टर," ते म्हणाले, "हा सोफा माझ्या ओळखीचा आहे."

"असणारच! तुमचाच कोपरा!" मी आनंदानं ओरडलो.

"ह्या सोफ्यावर मी मेलोय."



"'जरा सरका'त कुणी मेलं नव्हतं," मास्तर चाचरत म्हणाले.

"तेच सांगतोय. 'जरा सरका'चा सोफा निळा होता आणि त्यावर फुलं होती. हा त्या दुसऱ्या मालिकेतला. त्यात मला ह्याच्यावर दोन वेळा मारलं. एकदा झटक्यानं आणि एकदा सुनेच्या बोलण्यानं."

ती दुसरी मालिका! नाव घेत नाही. वाहिनी पुन्हा अर्ज मागेल. पहिल्या भागापासून शेवटच्या भागापर्यंत त्यात एक बाई रडत होती. 'लोकांना आता रडायचंय' असं सांगून वाहिनीनं 'जरा सरका' बंद केली आणि तिच्या वेळेवर ही लावली. अप्पा त्या दिवशी आमच्याकडे येऊन बसले आणि तासभर एक विनोद बोलले नाहीत. आणि त्याच मालिकेचा सोफा मी, अप्पांचा मित्र म्हणवणारा मी, गहिवरून, अर्ज करकरून, त्यांच्या वाढदिवसाला त्यांच्या दारात आणून घातला होता!

डॉक्टरांच्या बायकोनं सोफ्याच्या हातावरून आपला हात काढून घेतला. मास्तर दुपारी टेकलेलं कपाळ रुमालानं पुसू लागले. मला मान वर करून वहिनींकडे पाहवेना. पण पाहावं तर लागणारच. त्यांनी तोंडावर हात घेतला होता आणि त्यांचे खांदे हलत होते.

"वहिनी, रडू नका," मी म्हणालो. "सगळी चूक माझी. मी आत्ताच्या आत्ता..."

"रडतंय कोण?" त्या कशाबशा म्हणाल्या. हात बाजूला झाला, आणि त्या हसत होत्या! मनापासून, भिंतीला टेकून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "अहो भावोजी, आधी ह्या बाईनं ह्यांची मालिका बंद पाडली, आणि आज येऊन माझा जिना बंद पाडला!"

सगळा जिना हसला. खालचे, वरचे, हमालसुद्धा. सासऱ्यांचं हसू तर इतकं दणदणीत की सोफा इंचभर हलला, अर्थात चुकीच्या दिशेला.

हसता हसता वहिनी दोन पायऱ्या उतरल्या. मग आणखी चार. सोफ्याशी येऊन त्यांनी कंबरेवर हात ठेवून त्याला खालीवर पाहिलं.

"ह्यांची जागा घेतलीस ना?" त्या सोफ्याला म्हणाल्या. "मग आता मी तुझ्यावर पाय देऊन जाणार. भावोजी, हात द्या."

"वहिनी, तुमचे गुडघे..."

"काही झालेलं नाही माझ्या गुडघ्यांना. हात द्या."

मी हात दिला. वहिनींनी चप्पल काढली नाही, हे मी मुद्दाम नोंदवतो. त्यांनी एक पाय सोफ्याच्या पाठीवर ठेवला, दुसरा त्या बाईच्या अश्रूंनी भिजलेल्या बैठकीवर, आणि पलीकडून सासऱ्यांनी, डॉक्टरांनी आणि आमच्या हिनं पुढे केलेल्या हातांत त्या अलगद उतरल्या. टाळ्या काय, शिट्ट्या काय! "चला, खालीच करू कार्यक्रम!" कुणीतरी ओरडलं आणि सगळी वरात जिन्यानं खाली निघाली. मध्ये वहिनी, त्यांच्या एका हाताला सासरे, दुसऱ्या हाताला आमची ही.

मग माझी पाळी. इथे माझ्या शरीरयष्टीचा थोडा संबंध येतो, पण तो मी विस्तारानं सांगणार नाही. मी एक पाय टाकला. सोफा कण्हला. दुसरा उचलला, तर सोफा आणखी घट्ट बसला आणि त्याच्या आतल्या कुठल्यातरी तारेनं माझी विजार मागून पकडली. मी वरच्या बाजूला परत येऊन बसलो. विजारीचा थोडा भाग तिकडेच राहिला.

"अहो, तुम्ही वरच थांबा," आमची ही खालून म्हणाली. "नाहीतरी वहिनींचं दार उघडंच आहे. कुणीतरी लक्ष ठेवायला हवं."

कल्पना माझी, अर्ज माझे, भाषण माझं, आणि मी राखणदार!

मी वर गेलो आणि वहिनींच्या गॅलरीत उभा राहिलो. गॅलरीला लागूनच अप्पांचं टेबल. वहिनींनी त्यावरची पेनं होती तशीच ठेवली आहेत. मला उगाच वाटलं की अप्पा आत्ता खुर्ची फिरवतील आणि म्हणतील, "इन्स्पेक्टर, हे सगळं पुन्हा एकदा सावकाश सांगा, मी लिहून घेतो." मी जरा वेळ त्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिलो. मग खालून पहिला हशा आला आणि मी धावत कठड्याशी गेलो.

डॉक्टरांच्या दवाखान्यातला लांब बाक अंगणात आणला होता. त्यावर सातही जण दाटीवाटीनं बसले होते आणि वाचन सुरू झालं होतं. मला वरून फक्त टाळू दिसत होत्या, शब्द नीट पोहोचत नव्हते. पण हशा बरोबर पोहोचत होता. कुठला विनोद चालला असेल, हे मी हशाच्या लांबीवरून ओळखत होतो. हे माप मात्र माझं एकदाही चुकलं नाही. समोर खुर्चीत वहिनी बसल्या होत्या, आणि वाचताना कुणी अडखळलं की पुढचं वाक्य त्याच सांगत होत्या.

वाचन संपलं. सेक्रेटरी उठले आणि हात वर करून म्हणाले, "आता... वरून... आपले इन्स्पेक्टर बोलतील!"

मी पंधरा दिवस घासून भाषण तयार केलं होतं. अत्यंत गंभीर, ठिकठिकाणी गळा दाटून येईल असं. मी पानं सरसावली, छाती भरून घेतली आणि रस्त्यावरच्या गाड्यांच्या आवाजावर मात करत ओरडलो,

"अप्पा आज वरून आपल्याकडे पाहत आहेत!"

सगळ्यांनी वर, माझ्याकडे पाहिलं. खसखस पिकली.

मी दुर्लक्ष केलं. "त्यांनी जी उंची गाठली, तिथे जाणं आपल्यापैकी कुणालाही शक्य नाही!"

हशा.

"आज मी जिथे आहे, तो केवळ अप्पांमुळे!"

आता मात्र कहर झाला. डॉक्टर खुर्चीवरून घसरले. मास्तरांना ठसका लागला. मी संतापलो. पंधरा दिवसांची मेहनत! पानं मिटून मी आत निघणार, तेवढ्यात वहिनी दिसल्या. त्या उठून उभ्या होत्या, एका हातानं सासऱ्यांचा खांदा धरून, दुसऱ्या हातानं पोट दाबून हसत होत्या. "भावोजी!" त्या ओरडल्या, "थांबू नका! वाचा!"

मी पानं पुन्हा उघडली. माणसाची प्रतिष्ठा ही काय, पुन्हा मिळवता येते. मी वाचू लागलो, आणि जिथे हशा यायचा तिथे आता मीच जरा थांबू लागलो. थांबायचं किती, हे इतकी वर्षं अप्पांशेजारी राहून थोडंफार कळलं होतंच. 'अप्पा शेवटपर्यंत जमिनीवर राहिले' हे वाक्य लोकांच्या आग्रहाखातर मी तीन वेळा म्हटलं.

ह्या सगळ्यात फाटकाबाहेर माणसं जमली होती. त्यांना काय दिसत होतं? तिसऱ्या मजल्याच्या कठड्याला टेकून हातवारे करत ओरडणारा, विजार फाटलेला एक गृहस्थ आणि खाली जमलेला जमाव. कुणीतरी भल्या माणसानं फोन केला. घंटा वाजवत अग्निशमन दलाची लाल गाडी अंगणात शिरली आणि कर्णा घेऊन एक अधिकारी खाली उतरले.

"काका! असं काही करू नका! बोलून प्रश्न सुटतात!"

"मी बोलतोच आहे!" मी पानं फडकावली. "पण तुम्ही माझं बोलणं थांबवलंत!"

"घरच्यांचा विचार करा!"

"अहो, काही होत नाही त्यांना," आमची ही खालून म्हणाली. "भाषण करताहेत."

"मग जिन्यानं खाली का येत नाहीत?"

"जिन्यात सोफा आहे."

अधिकाऱ्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. "दुपारचा फोन तुमचाच का?" त्यांनी कर्ण्यातून विचारलं. सगळ्या रस्त्यानं ते ऐकलं. मी मान डोलावली.

शिडी वर आली. मी 'नको' म्हणत होतो, पण तक्रार माणसाची असल्यामुळे माणूस उतरवल्याशिवाय त्यांना परत जाता येत नव्हतं. एका जवानानं मला धरलं आणि आम्ही हळूहळू खाली येऊ लागलो. "वाचा! वाचा!" खालून ओरडा चालूच. म्हणून मी शिडीवरून अप्पांच्या जीवनकार्याचा उत्तरार्ध वाचला. जमीन जवळ येत होती तसा माझा आवाज स्पष्ट होत होता, आणि पाय टेकले तेव्हा जो टाळ्यांचा गजर झाला तो मला जन्मात विसरता यायचा नाही. जवानानंसुद्धा टाळ्या वाजवल्या. पुढे त्यानं विचारलं की अप्पा कोण, ही गोष्ट वेगळी.

दुसरा एक जवान तोवर जिन्यात जाऊन आला होता. "साहेब, काढला," तो सहज म्हणाला.

"काढला? ओरखडा?" मी धसकून विचारलं.

"कसला ओरखडा? खालची खिटी ओढली, मिटला. सोफा-कम-बेड आहे तो."

सगळ्यांनी सासऱ्यांकडे पाहिलं.

"हो हो," सासरे कपाळाला हात लावून म्हणाले, "मरताना उलगडायचा खरा. माझे डोळे मिटलेले असायचे ना, म्हणून विसरलो."

जिना मोकळा झाला. हमालांनी सोफा टेम्पोत चढवला, सेक्रेटरींनी नोटीस काढून पुन्हा वापरता येईल अशी घडी केली. ऊन उतरायला लागलं होतं. मी वहिनींजवळ गेलो. इतका वेळ उन्हात बसून त्या दमल्या असतील, असं मला वाटलं.

"वहिनी, जिना मोकळा झालाय. चला, वर सोडतो तुम्हाला."

वहिनींनी इमारतीच्या दाराकडे पाहिलं. मग फाटकाकडे. सासरे आणि मालिकेतल्या दोघी सुना तिथे गाडीची वाट बघत गप्पा मारत उभ्या होत्या.

"इतक्यात?" त्या म्हणाल्या. "अहो भावोजी, आत्ता कुठे खाली आलेय मी. कोपऱ्यावरचं ते वर्तमानपत्रांचं दुकान अजून आहे का? ह्यांचं नाव छापून आलं की तिथे आम्ही चार-चार प्रती घ्यायचो."

"आहे की," मी म्हणालो. "पण आता तिथे फोनची कव्हरं मिळतात."

"बघू तरी," वहिनी म्हणाल्या, त्यांनी आमच्या हिचा हात धरला आणि फाटकातून बाहेर पडल्याही.

मी सदरा खाली ओढून विजार जमेल तितकी झाकली आणि भराभर त्यांच्या मागे निघालो. भाषणाची दोन पानं अजून शिल्लक होती.